आखाजीच्या दिवशी गायब झालेला तास

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आंबेखेड्यात एक चोरी उघडकीला आली. चोरीला गेलं काय म्हणाल, तर एक तास! सोनं नाही, नाणं नाही, साधी कोंबडीसुद्धा नाही. हसू नका. भर वैशाखात गिरणाकाठच्या केळीला पाण्याचा एक तास म्हणजे काय, ते ज्यानं केळी लावली त्यालाच विचारा.

विहीर तिघांची. निम्मी गिरधरआबांची, उरलेल्या निम्मीत चुडामणनाना आणि बेबाबाई, नात्यानं दीर-भावजय. एक दिवस सगळं पाणी आबांचं. दुसऱ्या दिवशी या दोघांपैकी एकानं दुपारी दोनपर्यंत घ्यायचं, दुसऱ्यानं दोनपासून लाइट जाईपर्यंत; पुढच्या खेपेला उलट. शेतीची लाइट सकाळी दहाला येते आणि संध्याकाळी सहाला जाते. पूर्वी या पाळीवरून रोज तोंडं वाजायची, एकदा तर फावडंही उचललं गेलं होतं. शेवटी तिघांनी मिळून पंपाच्या खोलीत एक मशीन बसवलं. प्रत्येकाचा आपापला गुपित नंबर. नंबर दाबला की त्याचा वॉल्व उघडतो, बाकीच्यांचे बंद होतात, आणि कुणी कधी पाणी घेतलं त्याची नोंद मशीन आपल्या पोटात ठेवतं. तेव्हापासून विहिरीवर शांतता होती.

आखाजीला चुडामणनानांची पाळी दोनपर्यंत होती. सकाळी नंबर दाबून ते घरी गेले, आमरस-पुरणपोळी हाणली, आणि पंख्याखाली जे आडवे झाले ते चहालाच उठले. सणाच्या दिवशी दुपारी शेतात जातो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर शेवटच्या ओळी ठणठणीत कोरड्या, पानं दुमडलेली. दहाला लाइट आल्याबरोबर त्यांनी मशीनची नोंद पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. पडद्याचा फोटो काढून त्यांनी विहिरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘पाणीचोर सापडला.’

फोटोत चार ओळी होत्या. पावणेएक, चुडामण चालू. एक, मशीन सुरू. एक वाजून एक मिनिट, बेबाबाईंचा वॉल्व उघडला. सव्वा, बेबाबाई चालू.

विहिरीचा नियम तिघांनीच केलेला होता. जो दुसऱ्याच्या पाळीत पाणी घेईल, त्याचं पाणी पाऊस पडेपर्यंत बंद. उद्या सकाळी पंपाच्या खोलीवर बैठक, असं गिरधरआबांनी ग्रुपवर लिहिलं आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

बेबाबाईंनी त्याच वर्षी आपल्या एकटीच्या हिमतीवर नवी बाग लावली होती. पावसापर्यंत पाणी बंद म्हणजे त्या बागेच्या नावानं आंघोळच करायची!

२

सुलक्षणा धुळ्याच्या कॉलेजात मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची. आखाजीला माहेरी आली होती ती चार दिवस झोका खेळायला, आंबे खायला आणि मुलांचे पेपर विसरायला. बेबाबाई तिची काकू, चुडामणनाना चुलतकाका. कुणाची बाजू घ्यावी, असा प्रश्नच होता. पण फोटो पाहिला तशी ती हातातला आंबा ठेवून सरळ काकूकडे गेली.

बेबाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती.

“सुलू, मी काय चोट्टी शे का वं?” त्या म्हणाल्या. “बठ्ठा गावमा फोटो फिरी राहिना.”

“काकू, आधी मला सांग, काल तू विहिरीवर गेलीस कधी?”

“दोनले. मोबाइलमा दोन वाजेल व्हतात. पोरीस्ले वाढं, भांडी घासी, मंग निंघनी.”

“गेलीस तेव्हा मशीन काय करत होतं?”

“नावं पळी राहिंतात पडद्यावर. कानबाई मातानं नाव, मंग आम्हनी नावं. नावं सरनी, मंग मी नंबर दाबा.”

अख्ख्या विहिरीला ठाऊक होतं की पडद्यावर नावं पळतात ती मशीन नुकतं सुरू झालं असेल तरच. गावात तर दुपारभर लाइट होती, म्हणजे कुणीतरी मशीन बंद करून पुन्हा चालू केलेलं होतं. बंद होऊन सुरू झालं की सगळे वॉल्व आपोआप मिटतात, म्हणजे चुडामणनानांचं पाणी तोडायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच! काकू खरं बोलत होती, आणि त्या खऱ्या बोलण्यानंच तिच्या गळ्यातला फास आवळला जात होता.

“तू मेनचा खटका नाही ना पाडलास, काकू?”

“मन्हा मरेल नवराना आन! मी खटकाले हात नही लावा.”

“दोन वाजता तुला आणखी कुणी पाहिलं?”

“आखाजीना दिन, सुलू. चिमणीबी नव्हती.”

एवढ्यात दारात चपला वाजल्या. चुडामणनाना होते. आत यायला तयार नव्हते, जायलाही तयार नव्हते. रागानं आलेला माणूस भावजयीच्या न पेटलेल्या चुलीकडे बघून जरा घुटमळला, पण बोलायचं ते बोललाच.

“वहिनी, मागी लेतीस तं एक तास काय, दोन देतू. पन चोरी?”

“मी चोरी नही करी.”

“मंग मशीन खोटं बोलस का? खोटं बोलस ते मानूस. मशीनले काय आपली भाऊबंदकी शे?”

पोटापाण्यासाठी सुलक्षणा मुलांना हेच तर सांगायची, की यंत्राला वैर नसतं. पण यंत्र खरं आणि काकूही खरी, तर मग तास नेला कुणी?

३

खोलीच्या किल्ल्या तिघांकडेही होत्या, पण आजची पाळी गिरधरआबांची. सुलक्षणा किल्ली मागायला गेली तेव्हा आबा ओसरीवर पानाला चुना लावत होते आणि पुष्पाबाई, त्यांची बायको, आत सांजोऱ्यांचा डबा झाकत होत्या.

“आबा, काल दुपारी तुम्ही विहिरीकडे गेला होता का?”

“मी?” आबांचा चुना जरा जास्तच लागला. “मी घरमा व्हतू. पंखा लाईसन मस्त झोपनू.”

“घरमा?” आतून आवाज आला. पुष्पाबाई डबा घेऊन बाहेरच आल्या. “आखाजीना दिन हाई मानूस घरमा राही? जेवना आन गायब! सांजले उना तं सदरा घामानं वल्लाचिंब. इचारं तं म्हने देवळात बठेल व्हतू.”

“देवळातबी गयथू थोडा येळ,” आबा म्हणाले.

“देवळाला तर चार पंखे आहेत, आबा,” सुलक्षणा म्हणाली.

आबांनी पान तोंडात कोंबलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. तोंड भरलं की बोलावं लागत नाही, ही सोय पानात आहेच.

सुलक्षणाच्या मनात पाल चुकचुकली. किल्ली आबांकडेही. काल दुपारी ते कुठे होते ते सांगायला तयार नाहीत. आणि काकूचा विहिरीतला हिस्सा विकत घ्यायची गोष्ट त्यांनी गेल्या दिवाळीत काढली होती. खटका पाडायला आबांना नंबरसुद्धा लागला नसता. पण वॉल्व उघडला तो काकूच्या नंबरानं, आणि काकू स्वतः म्हणते की मीच दाबला. आबांनी खटका पाडला असेल, तर काकू नेमकी त्याच मिनिटाला तिथे कशी पोचली? हा गुंता सुटेना.

ती पंपाच्या खोलीत गेली. आज आबांची पाळी होती, पंप घुमत होता. तिनं सगळ्यात आधी घड्याळ पाहिलं. मशीनचं घड्याळ आणि तिचा मोबाइल, मिनिटाला मिनिट बरोबर. मशीनच्या आत घड्याळाची एक चिप असते, तिला बटणाएवढा सेल. लाइट असो नसो, ती आपली टिकटिकत राहते. आज ती बरोबर आहे, म्हणजे कालही बरोबरच असणार. चुडामणनानांनी सकाळी पहिली तपासणी हीच केली होती, आणि ती चूक नव्हती.

मग तिनं कालची नोंद काढली. पडदा इवलासा, एका वेळी चारच ओळी दिसणार. नानांनी फोटो काढलेल्या त्याच चार ओळी. ग्रुपवर सकाळपासून सगळे त्या चार ओळींवर तुटून पडले होते. सुलक्षणानं खालचं बटण दाबलं. बेबाबाई चालू, बेबाबाई चालू, दर पाव तासाला एक ओळ. ती दाबत राहिली. शेवटची ओळ आली, आणि तिचा हात बटणावरच थांबला.

पावणेपाच, बेबाबाई चालू. त्याच्या पुढे काही नाही. पुढची ओळ थेट आजची.

“काकू!” ती दारातून ओरडली. बेबाबाई बांधावर उभ्या होत्या. “काल तू पाणी कधी बंद केलंस?”

“मी कशाले बंद करू? लाइट गयी तव्हय बंद व्हयनं.”

लाइट जाते सहाला. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मशीनच्या मते काल ती पाचलाच गेली!

सुलक्षणा बाहेर येऊन बांधावर बसली आणि बोटांवर मोजू लागली. दोन ते सहा, काकूचा हक्क चार तासांचा. मशीनच्या नोंदीत एक ते पाच, म्हणजे तेही चारच. चोरानं तास चोरला असता तर त्याच्याकडे पाच तास हवेत. हा कसला चोर, जो दुपारी दुसऱ्याचा तास उचलतो आणि संध्याकाळी आपला एक तास सोडून देतो?

काकूचा सगळा दिवसच तासभर अलीकडे सरकला होता. आणि आज सकाळी घड्याळ बरोबर! चिप टिकटिकतेय, सेल धडधाकट, कुणी हात लावलेला नाही. घड्याळ एका दुपारपुरतं चुकलं आणि रात्रीतून शहाणं झालं, हे कसं?

“काकू, मी नरडाण्याला जाऊन येते,” ती उठत म्हणाली.

“आते? उन्हातान्हात?”

“बैठक उद्या आहे ना? मग आत्ताच.”

४

मशीन बनवणारा हितेंद्र नरडाण्याच्या एमआयडीसीत एक छोटी शेड घेऊन बसला होता. सुलक्षणा चाळीसगावहून एसटीनं धुळे, तिथून दुसऱ्या गाडीनं नरडाणा, अशी घामाघूम होऊन पोचली. हितेंद्रानं तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि तक्रार ऐकल्यावर चेहरा मात्र पाडला.

“मॅडम, माझं घड्याळ चुकत नाही.”

“चिप चुकली असं मी म्हणतच नाही. चिपला वेळ विचारणारा कोड कुणाचा?”

“माझाच. बाजारातली तयार सिस्टिम नाही वापरली. मशीन जागं होण्यापासून सगळं मी स्वतः लिहिलंय.” त्याच्या आवाजात रास्त अभिमान होता. “आणि तुम्ही म्हणाल ते प्रश्न मला पाठ आहेत. चिप वेळ बदलत असताना वाचू नये, आधी तिचा झेंडा, म्हणजे ‘आत्ता थांब’ ही खूण, बघावा. मी दरवेळी बघतो. तासाआधी बघतो, मिनिटाआधी बघतो, सेकंदाआधीही बघतो.”

सुलक्षणाला हा मुलगा आवडला. शंभरातले नव्वद जण झेंडा विसरतात. “शाब्बास,” ती मनापासून म्हणाली. “दाखव तरी.”

“त्याआधी एक स्पष्ट सांगतो. सगळ्या विहिरींवर चालणारी एक चोरकिल्ली, म्हणजे एक गुपित नंबर, माझ्याकडे आहे, दुरुस्तीसाठी. तुमच्या मनात तसलं काही असेल तर...”

“काल दुपारी तू कुठे होतास?”

“शिरपूरला, सासुरवाडीला. जावयाला आखाजीला सोडतात होय? हे बघा.” त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत हितेंद्र ताटापुढे बसलेला, आणि चार मेहुण्या त्याला आग्रह करताहेत. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरून पाचवी पोळी दिसत होती.

सुलक्षणा हसली. मग कॉम्प्युटरसमोर बसली.

मशीन जागं होतं तेव्हा त्याला वेळ ठाऊक नसते, अगदी झोपेतून उठलेल्या माणसासारखं. ते एकदाच चिपला वेळ विचारतं, आणि मग लाइट असेपर्यंत आपलं आपण मोजत बसतं. चिपकडे पुन्हा बघत नाही. म्हणजे जागं होताना जर ऐकण्यात चूक झाली, तर ती लाइट जाईपर्यंत टिकणार, आणि पुढच्या वेळी जागं झालं की आपोआप पुसली जाणार. एका दुपारपुरतं चुकणारं घड्याळ असंच असतं!

पण चूक कुठे होती? चिपमध्ये तास, मिनिटं, सेकंद यांचे वेगळे कप्पे असतात आणि एका वेळी एकच कप्पा वाचता येतो. हितेंद्रानं आधी तासाचा कप्पा वाचला होता. झेंडा बघून, नीट. त्याच्या खाली मिनिटांचा कप्पा हवा होता. तो नव्हता. तिथे भलतंच काही चालू होतं.

“हे काय आहे?”

“ते होय?” हितेंद्र ओशाळला. “गिरधरआबांची अट. मशीन सुरू झालं की देवाचं नाव आधी. मग सकाळ असेल तर शुभ सकाळ, दुपार असेल तर शुभ दुपार. त्यासाठी तास आधी लागतो ना? मग तिघांची नावं, बापाच्या नावासकट.”

“आणि ही नावं तीनदा का?”

“पहिलं नाव कुणाचं, यावरून तिघांत जुंपली, मॅडम. मशीन बसवायचं राहिलं बाजूला, दोन दिवस तोच वाद. शेवटी मी म्हटलं, नावं तीन फेऱ्यांत पळवतो, प्रत्येक फेरीत वेगळा पहिला. तेव्हा कुठे आबांनी नारळ फोडू दिला. आबांना वाचायला वेळ लागतो, म्हणून सावकाश पळवतो.”

“किती वेळ चालतं हे सगळं?”

“मिनिटभर चालत असेल. का?”

सुलक्षणानं डोक्याला हात लावला आणि खो-खो हसत सुटली. हितेंद्र घाबरून पाण्याचा तांब्या शोधू लागला.

“अरे बाबा, प्रत्येक कप्पा उघडण्याआधी तू दार ठोठावलंस, पण दोन कप्प्यांच्या मधे पंगत घातलीस!”

त्याला कळलं नाही. तिनं तेव्हा सांगितलंही नाही.

“उद्या सकाळी आंबेखेड्याला ये,” ती म्हणाली. “आणि तोवर हे मुळीच दुरुस्त करू नकोस. तुझी चूक मला जशीच्या तशी हवी आहे.”

५

सकाळी लाइट आली तशी पंपाच्या खोलीपुढे लिंबाच्या सावलीत सगळे जमले. पाळी बेबाबाईंची होती. पण त्यांनी नंबर दाबला नव्हता. निकाल लागल्याशिवाय पाण्याला हात लावणार नाही, असं म्हणून त्या पदर खोचून बाजूला उभ्या राहिल्या. हितेंद्र मोटारसायकलवरून आला होता. पुष्पाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या, कारण बैठक म्हणजे चहा आणि चहा म्हणजे पुष्पाबाई. चुडामणनाना कुणाकडेच बघत नव्हते.

अकरा वाजत आले तसं सुलक्षणानं आबांना खटका पाडायला सांगितला. मशीन झोपलं.

“सगळ्यांनी मोबाइल हातात घ्या,” ती म्हणाली. “आता अकराला थोडा वेळ कमी आहे. करा खटका पुन्हा चालू, आबा. वर!”

पडदा उजळला. कानबाई माता प्रसन्न. शुभ सकाळ. मग नावं पळू लागली. पहिल्या फेरीत आबा पुढे, दुसऱ्या फेरीत नाना. तिसरी फेरी चालू असताना सगळ्यांच्या मोबाइलवर अकरा वाजले. बेबाबाईंचं नाव सावकाश सरकत गेलं, पडदा कोरा झाला, आणि मशीननं वेळ दाखवली.

दहा.

“आयला!” चुडामणनाना म्हणाले.

हितेंद्र पडद्याला नाक लावून उभा होता. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर चापट मारली. “तास वाचला तेव्हा दहा होते. नावं पळेपर्यंत अकरा झाले. मिनिटं वाचली तेव्हा शून्य! दहा आणि शून्य, दहा वाजले!”

“दहाचा तास आणि अकराचं मिनिट,” सुलक्षणा म्हणाली. “दोन्ही कप्पे खरे, पण जोडी खोटी. आता लाइट जाईपर्यंत हे मशीन तासभर मागे चालणार, आणि उद्या उठेल तेव्हा साळसूद. आखाजीला हेच झालं. पावणेएकनंतर शेताची लाइट गेली. नानांचं पाणी थांबलं. लाइट परत आली ती दोनच्या जरा आधी. नावं पळत असताना दोन वाजले, काकू त्याच वेळी पोचली. मशीनला वाटलं, एकच वाजलाय. तास चोरला कुणी नाही. तो तास लाइटच नव्हती, आणि मशीननं तो गिळून टाकला.”

नानांनी मान हलवली. माणूस रागीट होता, पण डोक्यानं भोळा नव्हता.

“हाई आज व्हयनं, मान्य. पन त्या दिन लाइट गयी व्हती कशावरून? मी घरमा पंखाखाले झोपेल व्हतू. पंखा एक मिनिट थांबा नही.”

“गावाची लाइन वेगळी, शेताची वेगळी, नाना. गावातल्या पंख्याला शेतातलं काय कळणार?”

“मंग इचार लाइनमनले.”

“विचारलं काल. तोही आखाजीला गावी गेला होता. म्हणाला, ताई, लाइट रोजच जाते, कोणकोणती लक्षात ठेवू?”

“मंग साक्षीदार कोन?”

खरा पेच इथेच होता. यंत्राची चूक दाखवता येत होती, पण त्या दुपारी लाइट गेली होती, हे सांगणारं माणूस हवं होतं. ते नसेल तर काकूच्या अंगावरचा डाग निघाला तरी पुसट उरणारच. सुलक्षणा वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “आबा, तुमचा पंखा बंद पडला तेव्हा किती वाजले होते?”

गिरधरआबांनी चहाचा एक घोट घेतला.

“कोनता पंखा?”

“तुमच्या मळ्यातल्या खोलीतला. घरी पंखा चालू होता, देवळातले चालू होते. आखाजीच्या दुपारी अख्ख्या गावात घामानं भिजलेला सदरा एकट्याचाच. गावात घाम यायचं कारण नव्हतं, म्हणजे तुम्ही शेतात होता. आणि शेतात सणाच्या दुपारी दार लावून काय चालतं, ते खानदेशात कुणाला सांगायला हवं का?”

पुष्पाबाईंनी किटली खाली ठेवली. आबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बेबाबाईंकडे. बेबाबाई काही मागत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. एका बाजूला बायकोची पंधरा दिवसांची बोलणी, दुसऱ्या बाजूला एका बाईची बाग. आबांनी कप खाली ठेवला.

“पत्ते खेळी राहिंतूत,” ते म्हणाले. “चौघे जन. एक वाजाना पहिले लाइट गयी. पत्ते हाताले चिकटेत, इतला घाम! दोनले उनी. देवानी शपथ, बेबाबाई, काल सकायपासून सांगू सांगू करी राहिंतू. पन हाई बठेल व्हती ना...”

“हाई?” पुष्पाबाई कडाडल्या. “मन्हा धाकमुये त्या बाईनी बाग जाळतात का तुम्ही? चला घर. दखस मी!”

आखाजीला पत्ते खेळला म्हणून कुणाचा संसार मोडत नाही हो. पण खेळ लपवला म्हणून आबांचं जे झालं ते आम्ही सांगत नाही. सगळे हसले, हितेंद्रसुद्धा. फक्त दोघंच हसले नाहीत.

चुडामणनाना उठून बेबाबाईंपुढे गेले. मोबाइल काढून त्यांनी ग्रुपवरचा तो फोटो पुसला. मग काय करावं ते त्यांना सुचेना.

“वहिनी,” ते म्हणाले, “मन्हं चुकनं.”

“चुकनंच,” बेबाबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. “फोटो टाकाना पहिले दारमा येता नही उनं? तीस वरीस मन्हा हातनं खाधं तू. इचारतास तं मी!”

“इचाराले पाहिजे व्हतं.”

“पाहिजे व्हतं.”

नाना मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांनी एक शब्द परत केला नाही, हे बेबाबाईंना दिसलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बागेकडे पाहिलं. बांधापलीकडे नानांच्या शेवटच्या ओळींची पानं अजून दुमडलेलीच होती.

“त्या ओळीस्ले आखाजीपासून पानी नही,” त्या म्हणाल्या.

“मन्ही पाळी शे ना दोनले. तव्हय पानी दिसू.”

“दोनपावत काय राही त्यास्मा? झाड कोनंबी राहो, तहान लागस त्याले. आते मन्हा तास तू ले. बारापावत.”

“नही वहिनी. आते तुन्ही पाळी...”

“मन्ही शे म्हनीसनच देस ना! दाब नंबर. नही तं मी फोटो काढसू आन ग्रुपवर टाकसू.”

नानांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना काहीतरी झालं. त्यांनी घाईघाईनं नंबर दाबला. पंप घुमला. हितेंद्र सुलक्षणाला हळूच विचारत होता, नावं काढून टाकू का? ती म्हणाली, “काढलीस तर परत जुंपेल. राहू दे. फक्त वेळ आधी पूर्ण वाच, दोनदा वाच, दोन्ही वाचनं जुळली की मग पंगत बसव.” तो तिथेच मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसला.

सुलक्षणा लिंबाखाली टेकली. तिला खूप बरं वाटत होतं. पुष्पाबाईंनी जाता जाता सांजोऱ्यांचा डबा तिच्याजवळ ठेवला होता, आणि बेबाबाईंनी त्यातली एक घेतली. कालपासूनचा त्यांच्या पोटातला तो पहिला घास होता.

नाना ओळींच्या शेवटी उकिडवे बसून पाणी बघत होते. बारा वाजायला बराच अवकाश होता, तेवढ्यात ते उठले, चिखलाच्या पायांनी खोलीकडे आले आणि त्यांनी आपला वॉल्व स्वतःच बंद केला.

“वहिनी!” त्यांनी बांधावरून हाक मारली. “ओळी भिजन्यात. सोड पानी तुन्हं!”